पदवीधर बेरोजगारीचा अभ्यास पुण्यात कसा करावा: व्याख्या, नमुना, प्रश्नावली आणि आकड्यांतले सापळे

प्रश्न थोडक्यात असा: अर्थशास्त्रात एम.ए.च्या शेवटच्या वर्षाचा प्रबंध आहे, हाताशी चार महिने आहेत. सदाशिव पेठ, नवी पेठ भागातल्या अभ्यासिकांमधल्या दोनशे मुलामुलींकडून प्रश्नावली भरून घ्यायची आणि 'शिक्षण वाढतं तशी बेरोजगारी का वाढते' हे त्यावरून दाखवायचं, असा बेत आहे. प्रश्नावलीत काय असावं, नमुना कसा निवडावा आणि पुढे आकड्यांचं काय करावं?

बेत मनापासून आवडला, पण हा प्रश्न आणि ही जागा एकमेकांशी जुळत नाहीत. अभ्यासिकेत बसलेले जवळजवळ सगळे पदवीधर, आणि जवळजवळ सगळे बिनपगारी. मग तुलना कोणाशी करणार? आयटीआय करून चाकणला कंत्राटी कामावर लागलेला मुलगा तुमच्या यादीत येणारच नाही. बी.कॉम. होऊन हडपसरला दुसऱ्या पाळीत काम करणारी मुलगीही येणार नाही. ज्यांना नोकरी लागली ते अभ्यासिका सोडून गेले, त्यामुळे शिक्षणाचा बेरोजगारीवर होणारा परिणाम तिथे दिसूच शकत नाही. तिथे दिसतं ते वेगळं आणि माझ्या मते जास्त मोलाचं आहे: पदवीनंतर मुलं किती काळ थांबतात, कशाच्या आशेवर थांबतात, आणि कुठल्या टप्प्यावर, किती पगारावर थांबणं सोडतात. म्हणून प्रबंधाचे दोन भाग करा. शिक्षण आणि बेरोजगारीचा संबंध पीएलएफएसमधून, म्हणजे केंद्र सरकारच्या आवधिक श्रमबल सर्वेक्षणातून काढा. थांबण्याची गोष्ट तुमच्या स्वतःच्या सर्वेक्षणातून येऊ द्या.

पीएलएफएस एप्रिल २०१७ मध्ये सुरू झालं. त्याची घटकपातळीवरची माहिती, म्हणजे एकेका घराची आणि माणसाची नोंद, सांख्यिकी मंत्रालयाच्या संकेतस्थळावर फुकट मिळते. पहिल्या वर्षी, २०१७-१८ मध्ये, १५ ते २९ वयोगटाचा बेरोजगारी दर १७.८ टक्के होता; २०२३-२४ मध्ये तो १०.२ टक्के होता. त्याच २०२३-२४ मध्ये १५ वर्षांवरच्या सगळ्यांचा दर अवघा ३.२ टक्के. हे आकडे समोर ठेवून लगेच 'तरुण तिप्पट बेरोजगार' असं लिहू नका. आधी छेद बघा. समजा १०० तरुण आहेत: ६० शिकतायत, ३० कामावर आहेत, १० काम शोधतायत. बेरोजगारी दर १० भागिले ४०, म्हणजे २५ टक्के. पण शंभरातले बेरोजगार फक्त १०. छेदात फक्त काम करणारे आणि काम शोधणारे असतात, यालाच श्रमबल म्हणतात; शिकणारे त्यात धरले जात नाहीत. उद्या त्या साठांतले वीस जण कॉलेज सोडून मिळेल त्या कामाला लागले, तर दर १० भागिले ६० होऊन १६.७ टक्क्यांवर उतरेल. कोणाचंही भलं झालेलं नसेल, शिक्षण मात्र कमी झालं असेल. म्हणून तरुणांबद्दल लिहिताना दर आणि लोकसंख्येतलं प्रमाण, दोन्ही शेजारी शेजारी द्या.

दुसरी गोष्ट व्याख्येची. पीएलएफएस दोन प्रकारे मोजतं. 'नेहमीची स्थिती' गेल्या ३६५ दिवसांवरून ठरते, 'चालू साप्ताहिक स्थिती' गेल्या ७ दिवसांवरून. इथे एक मुलगा डोळ्यासमोर आणा. वय २६, बी.ए. झालेला, कॉट बेसिसवर राहतो. वर्षातले आठ महिने अभ्यास केला आणि तीन ठिकाणी अर्ज भरले, दिवाळीच्या सुमाराला तीन महिने डिलिव्हरीचं काम केलं. मुख्य स्थितीनुसार तो बेरोजगार ठरू शकतो, कारण वर्षाचा जास्त काळ काम शोधण्यात गेला. पण वर्षात ३० दिवस किंवा त्याहून जास्त केलेलं दुय्यम काम धरलं जातं, आणि वर्तमानपत्रांत येणारा 'नेहमीच्या स्थिती'चा दर मुख्य व दुय्यम मिळून असतो. म्हणजे त्या दरात हा मुलगा रोजगारात आहे. साप्ताहिक स्थितीत तर सातांपैकी एका दिवशी एक तास काम पुरतं. रविवारी कुठल्याशा परीक्षेला दोन तास पर्यवेक्षक म्हणून बसला, तरी त्या आठवड्यापुरता तो रोजगारातच.

आणि ते तीन महिनेही नसते तर? त्याला ८१ हा संकेतांक द्यायचा, म्हणजे काम शोधणारा किंवा कामाला तयार असलेला. की ९१, म्हणजे शिक्षण घेणारा. की ९७, म्हणजे इतर? कुठल्या संस्थेत नाव नसेल तर ९१ बसत नाही. अर्ज भरला असेल तर तो शोध धरता येतो. पण गेल्या आठवड्यात कुठलीच जाहिरात नव्हती आणि 'आज एखादी खासगी नोकरी दिली तर घ्याल का' याला तो नाही म्हणाला, तर तो श्रमबलाबाहेरही जाऊ शकतो. एकच मुलगा, एकच खोली, एकच पुस्तक, आणि माहिती घेणाऱ्याच्या एका प्रश्नावर त्याचा संकेतांक ठरतो. पुण्यातल्या पदवीधर बेरोजगारीचा कुठलाही आकडा वाचताना हे विसरू नका.

पीएलएफएसबद्दल आणखी थोडं, मग पुढे जाऊ. पुणे जिल्ह्यापुरता वेगळा दर त्यातून काढण्याचा मोह टाळा. वयोगट, शिक्षण आणि लिंग अशी फोड केली की एकेका चौकटीत मोजकी माणसं उरतात. राज्याचा शहरी भाग घ्या, किंवा पुणे ज्यात येतं तो 'अंतर्देशीय पश्चिम' हा विभाग घ्या आणि अनेक वर्षं एकत्र करा. भारांक, म्हणजे नमुन्यातला एक माणूस लोकसंख्येतल्या किती जणांच्या वतीने आहे तो आकडा, लावल्याशिवाय एकही टक्केवारी लिहू नका. भारांक कशाने भागायचा हे माहितीसोबतच्या फाइलमध्ये दिलेलं असतं आणि तिथेच निम्मे विद्यार्थी चुकतात. जानेवारी २०२५ पासून सर्वेक्षणाची रचना बदलली आहे, आता मासिक अंदाजही येतात. म्हणून जानेवारी २०२५ च्या आधीचे आणि नंतरचे आकडे एका रेषेत जोडून 'घट झाली', 'वाढ झाली' असं म्हणू नका.

आता मुळातल्या 'का'कडे. शिकलेल्यांत बेरोजगारी जास्त दिसते, याची तीन उत्तरं एकमेकांत मिसळलेली असतात. पहिलं वयाचं: नवी पिढी जास्त शिकलेली आहे, आणि पहिली नोकरी शोधणारे तरुणच असतात. वय न धरता शिक्षणाची तुलना केली तर वयाचा परिणाम शिक्षणाच्या नावावर जमा होतो. दुसरं ऐपतीचं: ज्याच्या घरी दोन वेळच्या जेवणाची भ्रांत आहे, तो बेरोजगार राहूच शकत नाही, मिळेल ते करतो. तिसरं रांगेचं: समोरची नोकरी बाजारातल्या इतर कामांपेक्षा खूपच चांगली असेल, तर ती मिळण्याची शक्यता कमी असूनही थांबणं शहाणपणाचं वाटतं. हॅरिस आणि टोडारो यांनी १९७० मध्ये शहराकडे येणाऱ्यांबद्दल हाच विचार मांडला होता. भारतातल्या पदवीधर बेरोजगारीवर ब्लॉग, लेयार्ड आणि वुडहॉल यांचा अभ्यास १९६९ चा आहे, म्हणजे प्रश्न नवा नाही. अलीकडचं काम वाचायचं तर कुणाल मंगल यांचं वाचा. तमिळनाडूत २००१ ते २००६ या काळात सरकारी भरती बहुतांश थांबवली होती. जागाच नाहीत म्हटल्यावर मुलं दुसरीकडे वळली असतील, असं आपल्याला वाटतं. दिसलं ते उलट: तेव्हा भरतीच्या वयात असलेले पदवीधर तरुण जास्त काळ बेकार राहिले आणि उरलेल्या जागांसाठी अर्ज वाढले. पुण्यात एमपीएससी करणाऱ्या उमेदवारांवरही त्यांनी काम केलं आहे. तुमचा प्रबंध त्याच्या शेजारी ठेवला जाईल, म्हणून ते आधी वाचून घ्या.

रांगेची लांबी कळायला आपल्याकडची २०२३ ची तलाठी भरती पुरेशी आहे. जाहिरातीत ४,६४४ जागा होत्या आणि अर्ज आले दहा लाखांवर. दर २१५ अर्जांमागे एक जागा. खुल्या प्रवर्गाला शुल्क १,००० रुपये, राखीवला ९००. शोधाचा खर्च विचारताना हे शुल्क वेगळं विचारा. वर्षाला चार-पाच भरत्यांचे अर्ज भरणाऱ्या घराला ते जाणवतं.

इथे सिद्धान्त नीट लावा. नोकरीच्या शोधाचं अर्थशास्त्र स्टिगलर यांच्या १९६१ आणि १९६२ च्या लेखांपासून सुरू होतं. मॅककॉल यांनी १९७० मध्ये त्याला आजचं रूप दिलं: नोकरीचा एकेक देकार (ऑफर) येतो, त्यातला पगार बघून माणूस 'घेतो' किंवा 'थांबतो', आणि ज्या पगाराच्या खाली तो नाही म्हणतो तो त्याचा किमान मान्य पगार. डायमंड, मॉर्टेन्सन आणि पिसाराइड्स यांना २०१० चं नोबेल याच परंपरेतल्या कामासाठी मिळालं. हिंजवडीत मुलाखती देत फिरणाऱ्या अभियंत्याला हे मॉडेल बसतं. अभ्यासिकेतल्या मुलाला जसंच्या तसं बसत नाही. त्याच्यापुढे देकार येतच नाहीत. बक्षीस एकच आणि मोठं, तारीख आयोगाच्या हातात, आणि वयोमर्यादेची भिंत समोर: राज्यसेवेला खुल्या प्रवर्गाला ३८, मागासवर्गीयांना ४३. ती भिंत येण्याआधी दुसरी एक येते, ती म्हणजे घरच्यांनी दिलेली मुदत. 'घरून पैसे आणखी किती महिने येतील असं ठरलंय?' हा प्रश्न माझ्या मते सगळ्या प्रश्नावलीतला सर्वांत बोलका आहे. किमान मान्य पगार कधी उतरतो हे वयापेक्षा त्यावरून जास्त कळतं.

म्हणून गेल्या सात दिवसांचा वेळ तीन रकान्यांत विचारा: शोध, तयारी, वाट. शोध म्हणजे अर्ज, फोन, मुलाखत, कन्सल्टन्सीच्या चकरा. तयारी म्हणजे अभ्यास, क्लास, टेस्ट सिरीज. वाट म्हणजे निकालाची, जाहिरातीची, नियुक्तिपत्राची. निवड होऊनही नियुक्ती न मिळालेले काही जण तुम्हाला भेटतील, त्यांना तयारी करणाऱ्यांत ढकलू नका. तुलनेसाठी एक आकडा: क्रूगर आणि म्यूलर यांच्या अभ्यासात अमेरिकेतला बेरोजगार माणूस कामाच्या दिवशी शोधावर सरासरी सुमारे ४० मिनिटं घालवतो. तुमच्याकडे तयारीचे दहा तास आणि शोधाचे शून्य, असे लोक निघतील. त्यांना 'शोध घेत नाहीत' म्हणून आळशी ठरवणं जितकं चूक, तितकंच त्यांना सरसकट 'विद्यार्थी' म्हणून बाजूला काढणंही चूक.

नमुना: सगळ्यात मोठा खड्डा इथे आहे

समजा दर वर्षी अभ्यासिकेत येणाऱ्यांपैकी निम्मे एका वर्षात जातात आणि निम्मे पाच वर्षं थांबतात. येणाऱ्या तुकडीची सरासरी सरळ आहे: ३ वर्षं. आता तुम्ही एखाद्या मंगळवारी जाऊन बसलेल्यांना मोजता. त्या दिवशी एकवर्षीय मुलांची एकच तुकडी हजर आहे, पंचवर्षीयांच्या पाच तुकड्या हजर आहेत. बसलेल्या सहांपैकी पाच जण लांब थांबणारे. त्यांच्या एकूण मुक्कामाची सरासरी २६ भागिले ६, म्हणजे ४.३ वर्षं येते. शिवाय तुम्ही त्यांना 'इथे किती दिवस झाले?' असं विचारणार. प्रत्येक जण आपापल्या मुक्कामात अधेमधे कुठेतरी पकडला गेलेला, म्हणून उत्तरांची सरासरी त्याच्या निम्मी, सुमारे २.२ वर्षं. खरा आकडा ३, आणि तुमच्या हातात ४.३ किंवा २.२. दोनशेऐवजी दोन हजार मुलांना विचारलं तरी ही चूक रेसभरही कमी होत नाही, कारण ती नमुन्याच्या आकारातून आलेली नाही, पकडण्याच्या रीतीतून आलेली आहे. यालाच लेंग्थ बायस म्हणतात.

उपाय दोन आहेत. एक, आत्ता बसलेल्यांऐवजी नव्याने येणाऱ्यांची यादी करून त्यांच्या मागे राहणं. हा उत्तम, पण चार महिन्यांत जमणारा नाही. दुसरा तुमच्यासाठी: एखाद्या महाविद्यालयाची चार वर्षांपूर्वी पदवी घेतलेली संपूर्ण तुकडी घ्या आणि प्रत्येकाला फोन करा. त्यात नोकरीला लागलेले, दुकान टाकलेले, लग्न होऊन गेलेले, अजून अभ्यास करणारे, सगळे येतात. पदवीच्या निकालापासून महिन्यामहिन्याचा हिशेब मागा: कधी शोध, कधी तयारी, कधी काम. तारखा आठवत नाहीत, म्हणून सणांचा, परीक्षांचा, खोली बदलल्याचा आधार द्या. 'गणपतीच्या आधी की नंतर?' या प्रश्नाला 'कोणत्या महिन्यात?' पेक्षा खात्रीचं उत्तर मिळतं. तीनशे नावांपैकी बरेच नंबर बदललेले असतील. प्रत्येक नंबरावर वेगवेगळ्या वेळी किमान तीनदा प्रयत्न करा, त्यातला एक रविवारी. आणि न सापडलेल्यांबद्दल यादीतून जे कळतं, म्हणजे शाखा, गुण, लिंग, तालुका, ते सापडलेल्यांशी ताडून तक्त्यात द्या.

तरीही अभ्यासिकेचं सर्वेक्षण कराच, फक्त कालावधी मोजण्यासाठी नको. अपेक्षा, खर्च आणि किमान मान्य पगार यांसाठी करा. तिथे आकाराचं गणित असं आहे. एकाच अभ्यासिकेतली मुलं बरीचशी सारखी असतात: एकाच गावाकडची, एकाच परीक्षेची. त्यामुळे २४० उत्तरांचं वजन २४० इतकं राहत नाही. एका अभ्यासिकेतून १२ जण घेतले आणि आपसांतलं साम्य (० म्हणजे अजिबात नाही, १ म्हणजे पूर्ण) ०.०५ धरलं, तर डिझाइन इफेक्ट, म्हणजे उत्तरांची संख्या ज्याने भागायची तो आकडा, १ + ११ × ०.०५ = १.५५. म्हणजे २० अभ्यासिकांतली २४० मुलं सुमारे १५५ स्वतंत्र मुलांएवढी, आणि निम्म्याच्या आसपासच्या टक्केवारीला मागेपुढे ८ टक्के बिंदूंची चूक. तीच २४० मुलं ३० अभ्यासिकांतून आठ-आठ घेतली तर चूक ७.३ वर येते. जास्त जागा, प्रत्येकी कमी मुलं, एवढं लक्षात ठेवा.

आधी त्या भागातल्या अभ्यासिकांची यादी चालत फिरून करा. जुन्या वाड्यांचे वरचे मजले आणि गल्लीतली तळघरं नकाशावर सापडत नाहीत. यादीतून चिठ्ठ्या काढून जागा निवडा. मालकाची किंवा व्यवस्थापकाची परवानगी घ्या आणि जागांचे क्रमांक बघा. ९० जागा आणि ८ मुलं हवीत तर दर अकरावी जागा, पहिला क्रमांक चिठ्ठीने. त्या टेबलावर माहितीची चिठ्ठी ठेवा आणि वेळ मागा. आत बोलू नका, तिथली शांतता हीच त्यांनी विकत घेतलेली वस्तू आहे. जागा रिकामी दिसली तर शेजारच्याला धरू नका. दुसऱ्या दिवशी वेगळ्या वेळी परत या, तीनदा. अनुपस्थित असणारा हा अनेकदा अर्धवेळ काम करणारा असतो, आणि नेमका तोच तुमच्या नमुन्यातून गळतो. चहाच्या टपरीवर उभं राहून भेटेल त्याला विचारणं सोपं वाटतं, पण तिथे गप्पांचे शौकीन मिळतात आणि खिशात चहाचे पैसे नसलेले मिळत नाहीत.

मुलींबद्दल वेगळं सांगतो. अभ्यासिकेत येणाऱ्या मुली म्हणजे घरून परवानगी आणि पैसे दोन्ही मिळालेल्या मुली. घरी बसून तयारी करणारी, स्थळं बघणं चालू असलेली, 'नोकरी जवळ मिळाली तर करीन' म्हणणारी पदवीधर मुलगी सरकारी सर्वेक्षणात बहुधा ९२ मध्ये, घरकामात, जाते. अशा मुली अभ्यासिकेत तर सापडणारच नाहीत. गोखले अर्थशास्त्र संस्थेने धनंजयराव गाडगीळ यांच्या मार्गदर्शनाखाली १९३६-३७ मध्ये पुण्याची जी पाहणी केली ती घरोघर जाऊन केली होती. घरोघर जाण्याचा फायदा हाच, की कुठेही न बसलेली माणसंही मोजली जातात. तुमच्या बाबतीत हे काम महाविद्यालयाची यादी करेल.

किमान मान्य पगार विचारण्याची रीत

'तुमची पगाराची अपेक्षा किती?' हा प्रश्न वाया जातो. त्याला मुलाखतीत द्यायचं उत्तर मिळतं. आधी नोकरी ठरवून द्या: 'पुण्यातच, राहत्या ठिकाणापासून तासाभराच्या आत, आठ तासांची, आठवड्यातून एक सुट्टी, लेखी नियुक्तिपत्र, पीएफ लागू.' मग विचारा: 'महिना हातात १५,००० मिळाले तर सोमवारपासून रुजू व्हाल?' हो म्हटलं तर खाली उतरा, नाही म्हटलं तर वर चढा, २,००० च्या पायऱ्यांनी. सुरुवातीचा आकडा सगळ्यांना एकच ठेवू नका. १२, १६ आणि २० हजार अशा तीन चिठ्ठ्यांतून काढा. लोक पहिल्या आकड्याला चिकटतात, आणि ते किती चिकटले हे अशाने मोजता तरी येतं. नंतर हाच प्रश्न एक अट बदलून विचारा: पीएफ नाही, कंत्राट अकरा महिन्यांचं, किंवा काम असं की संध्याकाळी अभ्यास चालू ठेवता येईल. दोन उत्तरांतला फरक म्हणजे त्या अटीची किंमत. बऱ्याच जणांना पगारापेक्षा अभ्यास चालू ठेवण्याची मुभा महाग वाटते, हे तुम्हाला इथेच दिसेल.

'हातात' हा शब्द सोडू नका. तीन लाखांचं पॅकेज म्हणजे महिना २५,००० असं मुलं धरतात. मूळ वेतन १२,५०० धरा. कंपनीचा पीएफ १,५०० आणि ग्रॅच्युइटीची तरतूद सुमारे ६००, दोन्ही त्या २५,००० च्या आतच. उरले २२,९००. त्यातून कर्मचाऱ्याचा पीएफ १,५०० आणि व्यवसाय कर २०० गेला की हातात २१,२०० (महिलांना २५,००० पर्यंत व्यवसाय कर नाही). एकाने पॅकेज सांगितलं आणि दुसऱ्याने हातातली रक्कम, तर जवळजवळ चार हजारांचा फरक तुमच्या रिग्रेशनमध्ये, म्हणजे पगार कशाकशावर किती अवलंबून आहे ते काढणाऱ्या गणितात, 'शिक्षणाचा परिणाम' म्हणून उगवेल.

नाकारलेले देकार जरूर विचारा. गेल्या बारा महिन्यांत किती अर्ज, किती फोन, किती मुलाखती, किती देकार, किती नाकारले, नाकारला त्याचा पगार किती होता. अर्जांच्या आकड्यावर फार विसंबू नका, ॲपवर एका बोटाने पन्नास अर्ज जातात. नाकारलेला देकार मात्र खरा असतो. १६,००० ची नोकरी प्रत्यक्ष नाकारलेला मुलगा '१४,००० ला जाईन' म्हणत असेल, तर काहीतरी चुकलं आहे, परत विचारा. नोकरी कळली कुठून, हेही विचारा: मित्र, नातेवाईक, व्हॉट्सॲप ग्रुप, ॲप, कन्सल्टन्सी. कन्सल्टन्सीने पैसे घेतले का आणि किती, हे वेगळ्या ओळीत. प्रवासखर्चही घ्या. अदिस अबाबामध्ये शोधणाऱ्यांना बसभाडं देऊन आणि अर्ज-मुलाखतीचं प्रशिक्षण देऊन प्रयोग झाले आहेत, शोधाला खर्चाचा लगाम असतो हे त्यातून दिसतं.

यशाची अपेक्षा टक्क्यांत विचारू नका. दहा शेंगदाणे हातात द्या: 'पुढच्या दोन वर्षांत निवड होण्याची शक्यता जितकी, तितके बाजूला ठेवा.' मग तुमच्यासारखाच अभ्यास करणाऱ्या दुसऱ्या मुलासाठी तेच करायला सांगा. स्वतःसाठी सहा आणि दुसऱ्यासाठी दोन, हा फरक हाती लागला की प्रबंधातलं एक प्रकरण उभं राहतं.

विश्लेषण

कालावधीच्या माहितीत काही जणांची गोष्ट अपुरी असते. दहा जण घ्या. दुसऱ्या महिन्यात दोघांना नोकरी लागली: बिननोकरीचे उरले आठ, म्हणजे ०.८. तिसऱ्या महिन्यात दोघांचा संपर्क तुटला: उरले सहा. पाचव्या महिन्यात त्या सहांपैकी तिघांना लागली: ०.८ × ०.५ = ०.४. म्हणजे पाच महिन्यांनंतर ४० टक्के बिननोकरीचे. संपर्क तुटलेले वगळले असते तर आठांतले तीन, ३७.५ टक्के. त्यांना बेकार धरलं असतं तर ५० टक्के. कॅप्लन-मायर पद्धत म्हणजे एवढाच हिशेब. पण त्याची एक अट आहे: संपर्क तुटण्याचा आणि नोकरी लागण्याचा संबंध नसावा. हरून गावी परतलेला मुलगा फोन उचलत नाही, तिथे ही अट मोडते. म्हणून गावचा किंवा भावाबहिणीचा दुसरा नंबर पहिल्याच दिवशी, संमतीने घ्या.

'जितका जास्त काळ बेकार, तितकी नोकरी लागण्याची शक्यता कमी' असा आलेख तुमच्याकडे हमखास येईल. त्याचे दोन अर्थ होतात. एक, ज्यांना सहज लागते ते आधी निघून जातात आणि मागे अडचणीतले उरतात. दुसरा, बेकारीच माणसाला मागे ढकलते. क्रॉफ्ट, लांगे आणि नोटोविडिग्डो यांनी २०१३ च्या अभ्यासात अमेरिकेत बनावट बायोडेटा पाठवून दाखवलं, की बाकी सगळं सारखं असतानाही बेकारीचे महिने वाढले की बोलावणं कमी होतं, आणि घसरण मुख्यतः पहिल्या आठ महिन्यांत होते. तुमच्या माहितीतून हे दोन अर्थ वेगळे करता येणार नाहीत, म्हणून कारणाची भाषा वापरू नका.

शिक्षणाच्या मोबदल्यासाठी मिन्सर यांचं १९७४ चं समीकरण, म्हणजे शिक्षण आणि अनुभवाच्या वर्षांवरून पगार काढणारं, घेणार असाल, तर पुण्यात ते एका ठिकाणी हमखास फसतं. अनुभव म्हणून 'वय वजा शिक्षणाची वर्षं वजा सहा' घेण्याची रीत आहे. तीस वर्षांचा बी.ए. मुलगा: ३० − १५ − ६ = ९ वर्षं अनुभव. पण त्यातली आठ वर्षं त्याने अभ्यासिकेत काढली असतील तर खरा अनुभव एका वर्षाचा. समीकरण त्याला नऊ वर्षांचा कामगार समजतं, त्याचा पगार कमी बघतं आणि दोष पदवीला देतं. म्हणून प्रत्यक्ष कामाचे महिने विचारा आणि तयारीची वर्षं वेगळा चल म्हणून घाला. लॉग पगारावर पदवीचा गुणक ०.४५ आला तर '४५ टक्के' लिहू नका, तो ५७ टक्के असतो. आणि पगार फक्त नोकरीवाल्यांचा दिसतो. नोकरी लागण्याची शक्यता न धरता काढलेला मोबदला पदवीधरांच्या बाबतीत फुगलेला निघतो.

शिकलेले जास्त कमावतात यात शिक्षणाचा वाटा किती आणि घरच्या परिस्थितीचा किती, हे चार महिन्यांच्या सर्वेक्षणातून सुटणार नाही. एस्थर डफ्लो यांनी २००१ मध्ये ते सोडवलं ते इंडोनेशियात १९७३-७४ ते १९७८-७९ मध्ये बांधलेल्या साठ हजारांवर प्राथमिक शाळांच्या आधाराने: कुठे किती शाळा झाल्या आणि तेव्हा मुलाचं वय काय होतं, यावरून. एका वर्षाच्या शिक्षणाचा मोबदला ६.८ ते १०.६ टक्के निघाला. तुमच्याकडे असा आधार नाही, तर 'संबंध आढळला' एवढंच लिहा. परीक्षकाला ते जास्त पटेल.

वेळेचा हिशेब: पहिले तीन आठवडे पीएलएफएसची माहिती आणि प्रश्नावली. चौथ्यात पंधरा जणांवर चाचणी, तीही नमुन्याबाहेरच्या अभ्यासिकेत. पुढचे सहा आठवडे क्षेत्रकाम. एका माणसाच्या दिवसाला पाच-सहा मुलाखती नीट होतात, दहा झाल्या तर शेंगदाण्यांचा प्रश्न घाईत उरकला असं समजा. उरलेले सहा-सात आठवडे विश्लेषण आणि लिखाण. निकालाच्या किंवा मोठ्या परीक्षेच्या आठवड्यात अभ्यासिकेत जाऊ नका. उत्तरं त्या आठवड्याची येतील, वर्षाची नाहीत.

जात थेट विचारू नका, 'अर्ज कोणत्या प्रवर्गातून भरता' असं विचारा. किती वेळा प्रयत्न फसला हे मित्रांसमोर कधीही विचारू नका. नावं आणि नंबर प्रश्नावलीपासून वेगळ्या वहीत ठेवा. कुठल्याही क्लासवाल्याला यादी द्यायची नाही, मागितली तरी. काही मुलं बोलता बोलता खचतील. तेव्हा प्रश्नावली मिटा, ऐकून घ्या आणि टेलि-मानसचा १४४१६ हा क्रमांक लिहिलेली चिठ्ठी सगळ्यांनाच द्या, म्हणजे कोणाला वेगळं काढल्यासारखं वाटणार नाही. ती मुलाखत अर्धवट म्हणून नोंदवा आणि तिच्या जागी दुसरी घेऊ नका.